लोखंडाला विचारणाऱ्या मॅडम

मॅडमना तुम्ही नमस्कार केलात, तर तो त्या तुमच्या पायांकडे बघत घेत. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर. एवढं बघून झालं की नजर वर आणून म्हणत, "बोला." चिखलीच्या बसस्टँडवर मी एकदा एका बड्या साहेबांशी त्यांची ओळख करून देत होतो. साहेबांचं पद लांबलचक होतं, ते पूर्ण उच्चारेपर्यंत मॅडमची तपासणी आटोपली. "साहेब, डाव्या पायावर लय भार देता तुमी. खुर्चीत तिरपे बसता का?" त्या दिवसापासून साहेब मला टाळतात. मॅडमचं काही बिघडलं नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, आणि न आवडलेलं पोटात ठेवण्याची त्यांना सवय नाही. त्यांचे यजमान वीज कंपनीत होते. बदली होऊन दोघं आमच्या गल्लीत राहायला आली. सामानात एक जुनं पदक होतं, मोज्यात गुंडाळलेलं. कॉलेजात असताना मॅडमनी वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवल्या होत्या आणि त्यातच उजवं मनगट दुखावून घेतलं होतं. त्या मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ असे. अंगानं ठेंगणी, रुंद, आवाज मंडईतला. अंगात एवढी ताकद, पण स्कूटरवर मागे बसायची भीती. कुठंही जायचं तर एसटीनं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दांडा घट्ट धरून.

आमच्या गल्लीच्या मागं एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड आहे. पूर्वी तिथं कापूस असे, नंतर कबुतरं. मालकाला विचारून मॅडमनी ती झाडून काढली आणि सात-आठ-नऊ वर्षांच्या लेकरांना वजन उचलायला शिकवायला सुरुवात केली.

तुम्ही आमच्या गल्लीत राहत असता तर तुम्हीही तेच म्हटलं असतं, जे सगळ्यांनी म्हटलं. एवढ्याशा लेकरांना वजनं? हाडं कोवळी असतात. उंची खुंटते. मी तर आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस, त्यामुळे ज्या विषयातलं कळत नाही त्यावर जरा जास्तच ठामपणे बोललो. शिवाय पुरावा समोर चालत होता. मॅडम स्वतः बुटक्या. गल्लीतल्या एका काकूंनी हे त्यांना तोंडावर ऐकवलं. मॅडम म्हणाल्या, "माही माय तर माह्याहून बुटकी होती. थे काय उचलत होती? माह्या बापाले?" काकूंचा तो प्रश्न मिटला.

मला मात्र नंतर एक गोष्ट खटकायला लागली. त्याच गल्लीत उन्हाळ्यात टँकर आला की सात-आठ वर्षांच्या पोरी डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन घरी येत, मान वाकडी करून, पाय फरफटत. त्यांच्या उंचीची कुणी कधी चौकशी केली नव्हती. ते घरकाम होतं. तीच पोर रिकामा पाइप नीट पाठ सरळ ठेवून उचलायला शिकायला लागली, तेव्हा आम्हा सगळ्यांना शरीरशास्त्र आठवलं.

म्हणून एका सकाळी बघायला गेलो. निराशाच झाली. वजनच नव्हतं. पोरं बेडकासारखी उड्या मारत होती, खेकड्यासारखी उलटी चालत होती. नंतर प्रत्येकाच्या हातात एकेक काठी आली आणि ती डोक्यावर धरून उठबशा सुरू झाल्या. मी विचारलं, उचलायचं कधी? मॅडम म्हणाल्या, काठी नीट आली की पाइप, पाइप नीट आला की दांडा, दांड्याला वजनाच्या चकत्या कधी लावायच्या ते लेकराची पाठ सांगते. काही लेकरं वर्षभर काठीवरच होती. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, याला दोन महिन्यांत बक्षीस मिळालं पाहिजे. मॅडमनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि सांगितलं की दोन महिन्यांत बक्षीस फक्त लॉटरीत लागतं.

घ्यायचं कुणाला, याची त्यांची परीक्षा साधी होती. लेकराला शेडभर पळायला सांगायचं आणि मध्येच "थांब" म्हणायचं. जे थांबलं ते आत. जे थांबलं नाही त्याला सांगायचं, पुढच्या दिवाळीनंतर ये. "वय काय पाह्यता सर," त्या मला म्हणाल्या, "आयकते का थे पाहा. ज्याले थांबता येते त्याले उचलता येते." कुणाचा तरी मामा सोबत आला होता, तो हौसेनं पळाला आणि थेट कबुतरांच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. त्यालाही दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

आणि मग ते विचारणं. ही त्यांची खास रीत, दुसरीकडे कुठं मी पाहिली नाही. उचलायच्या आधी लेकरानं दांड्यापाशी उभं राहायचं, वाकायचं, दांडा मुठीत धरायचा, आणि ओढायचा नाही. फक्त हात ताणून, पाठ सपाट करून, दांड्याची ढिलाई काढायची. दोर ताणला जातो तसं सगळं अंग ताणलं जातं, पण जमिनीवरून काही हलत नाही. तेवढ्यात कळतं म्हणे, हे आपलं आहे की नाही. मॅडम शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडत, "इचारलं का त्याले?" लेकरानं विचारलं आणि उचललं, तर त्या नुसत्या मान हलवत. विचारलं आणि सोडून दिलं, तर "शाबास" म्हणत, तेही असं की रस्त्यावरचा माणूस आत डोकावे.

मला हे फार नाटकी वाटलं होतं. आमच्या गावात प्रत्येक नवीन गोष्टीचं आधी नाटक होतं आणि मग उद्घाटन, त्यामुळे मी जरा सावध असतो. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शिकवणारा शहाणा असेल आणि कुणी ताकदीचा जास्तीत जास्त आकडा बघायला जात नसेल, तर लहान मुलांना चालतं, उलट बरं असतं. शिकवणारा शहाणा नसेल तर लगोरीही चालत नाही. त्यांच्याकडे येणारी बहुतेक लेकरं झाडावरून आणि मोटारसायकलवरून पडलेली असतात, असंही ते म्हणाले.

गल्लीत या विचारण्याची साथ पसरली. लेकरं दप्तराला विचारू लागली. शेजारच्या वहिनी तक्रार घेऊन आल्या, की पोरीला धुण्याची बादली आण म्हटलं, तर ती बादलीशी वाकली, हात लावून उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "बादली नाही म्हणते." मॅडमनी चौकशी केली, बादली किती भरली होती. काठोकाठ. मग म्हणाल्या, "खरंच बोलली थे. अर्धी भरा."

या सगळ्यांत अल्फिया वेगळी होती. तिचे वडील इस्माईलभाई देऊळघाटचे, चिखलीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. शेडमधले सगळे छोटे दांडे आणि चकत्या त्यांनीच बनवलेल्या, मॅडमच्या मापानं, लेकरांच्या मुठीत बसतील अशा. अल्फिया नऊ वर्षांची, काडीसारखी, पुढचा एक दात पडलेला. मी आयुष्यात बऱ्याच कवायती पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक कुणीतरी पाहुणा येणार म्हणून केलेल्या. हे तसं नव्हतं. ती दांड्याशी उभी राहिली की तिचा तळवा, पोटरी, पाठ, खांदा, एकेक अवयव आपापल्या जागी जाऊन बसे. मग ती विचारे. मग दांडा जमिनीवरून निघे आणि अंगाला चिकटून सरळ वर जाई, आणि वर गेल्यावर ती त्याखाली शांत उभी असे. वजन काही फार नव्हतं. घरचा पिठाचा डबा त्याहून जड असेल. पण एखादं माणूस आपल्या शरीरात इतकं पूर्णपणे हजर असलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. एक म्हातारा मास्तर आणि एक ठेंगणी बाई, आम्ही दोघं श्वास रोखून ते बघत असू. मग मॅडम सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटत आणि स्वतः गुळाचा मोठा खडा घेत.

कुणीतरी अल्फियाचा व्हिडिओ काढला आणि तो भाऊंपर्यंत गेला.

भाऊ कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही तालुक्यात असतीलच. आमच्या भाऊंचा वाढदिवस जवळ आला की चौकात फ्लेक्स लागतात: भाऊ हात जोडून, भाऊ फोनवर बोलताना, भाऊ दूर क्षितिजाकडे बघताना. त्या वर्षी वाढदिवसाला "बालशक्ती दर्शन" ठरलं. स्टेजवर एका चिमुकलीनं वजन उचलायचं आणि भाऊंनी तिला ढाल द्यायची. मॅडमना निरोप आला. मॅडम म्हणाल्या, माझी लेकरं गर्दीत उचलत नाहीत. गर्दी झाली की लेकरू लोखंडाचं ऐकत नाही, गर्दीचं ऐकतं.

भाऊंची माणसं मग इस्माईलभाईंकडे गेली. तिथं त्यांना हवं ते मिळालं, आणि ते का मिळालं हे समजून घ्यायला हवं. लोखंड तापवण्यात हयात गेलेल्या माणसाच्या मुलीचं नाव लाउडस्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकू जाणार होतं. इस्माईलभाईंनी फक्त एक अट घातली, मुलीला त्रास नको. त्यासाठी त्यांनीच युक्ती काढली. पत्र्याच्या मोठ्या पोकळ चकत्या बनवायच्या, काळा रंग द्यायचा. दिसायला डोंगर, उचलायला पापड.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या दुकानावर गेल्या. मी सोबत होतो. इस्माईलभाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं की अंदर से खाली है, मॅडम, हवा है हवा, बच्ची को क्या होना है. मॅडम बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आज ही पत्र्याचं उचलेल, उद्या बघणारं लेकरू घरी जाऊन खरं उचलेल. आणि दुसरं, जे त्यांनी हळू सांगितलं:

"तिनं आजवर जे धरलं थे खरं होतं, भाई. तिच्या हाताले खोटं शिकवू नका."

इस्माईलभाई मान खाली घालून हातातला पत्रा पुसत राहिले. शब्द देऊन बसले होते. चहा तसाच राहिला.

वाढदिवसाच्या सकाळी मला मान्यवर म्हणून स्टेजवर खुर्ची होती. निवृत्त मास्तर हा मंडपाच्या सामानातच येतो. मी खुर्ची चुकवून मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांत मॅडमच्या शेजारी जाऊन बसलो. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "लेकरू माहं हाय. तमाशा त्याईचा."

भाषणं झाली. भाऊंची तुलना बऱ्याच पर्वतांशी झाली. मग निवेदकानं आवाज चढवला आणि दोन पोरांनी दांडा स्टेजवर आणला. काळ्या चकाकत्या चकत्या, मोठ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नेहमीप्रमाणे त्या पोरांच्या पायांकडे बघत होत्या. दांडा ठेवताना त्यांचे गुडघे कसे दुमडले, टाचा कशा दबल्या, एवढंच त्यांनी पाहिलं आणि माझा दंड धरला.

"सर, थे पत्र्याचं नाही."

नंतर समजलं ते असं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं की पत्रा टेकवताना वाजतो, विरोधक व्हिडिओ काढतील, भाऊंची फजिती होईल. भाऊंच्या भाच्याची जिम आहे. त्यानं तिथल्या खऱ्या चकत्या आणून लावल्या, त्याच्या मते हलक्याच. इस्माईलभाईंना मंडपवाल्यानं सांगितलं असेल असं भाच्याला वाटलं, मंडपवाल्याला वाटलं भाच्यानं सांगितलं असेल. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या कार्यक्रमात प्रत्येकाला हेच वाटत असतं, की दुसऱ्यानं सांगितलं असेल. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. फक्त नऊ वर्षांच्या मुलीसमोर तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त लोखंड ठेवलं गेलं होतं, आणि तिला सांगितलं होतं की आत हवा आहे.

मॅडम उठल्या आणि स्टेजकडे निघाल्या. मी मागे. मधे खुर्च्या, माणसं, बँडवाले. त्या ओरडल्या, पण त्या आवाजाला पहिल्यांदाच त्याच्याहून मोठा आवाज भेटला होता. स्पीकरवर निवेदक लोकांना मोजायला लावत होता. अल्फिया हिरवा ड्रेस घालून दांड्यापाशी आली. हलकं समजून तिनं भलत्या जोरात झटका मारला, तर पाठीचं काय होईल हे सांगायला मला डॉक्टर नको होते. इस्माईलभाई स्टेजच्या कडेला हात बांधून हसत उभे होते.

अल्फिया वाकली. तिनं दांडा धरला.

आणि मॅडम गर्दीच्या मध्यात थांबल्या. मी म्हणालो, ओरडा ना. त्यांनी माझ्या तोंडासमोर हात आडवा धरला. "आता नाही. अर्ध्यात दचकली तं पाठ जाईन." मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे करायचं ते त्यांनी आधीच, त्या कबुतरांच्या शेडमध्ये, रोज सकाळी करून ठेवलं होतं, आणि ते झालं आहे की नाही हे कळायची ही वेळ होती.

लोक मोजत होते. अल्फियानं हात ताणले. पाठ सपाट झाली. खांदे बसले. सगळं अंग दोरासारखं ताणलं गेलं, आणि तिथंच राहिलं. मोजणी संपली, टाळ्या सुरू झाल्या, कुणी शिट्टी मारली. ती तशीच, मान किंचित वाकडी, जणू आतून कुणी हळू आवाजात बोलतंय आणि तिला नीट ऐकायचंय. आठशे-हजार माणसं, स्पीकर, बँड, बाप, भाऊ, ढाल, हे सगळं तिला सांगत होतं की उचल. लोखंड एकटं नको म्हणत होतं.

तिनं मुठी उघडल्या, सरळ उभी राहिली आणि हात ड्रेसला पुसले.

निवेदक हसला, म्हणाला बाळ घाबरलं, टाळ्या वाजवा. इस्माईलभाई पुढं येऊन दबक्या आवाजात म्हणाले, उठा बेटी, खाली है. माइक जवळच होता. तिचं उत्तर सगळ्या मंडपानं ऐकलं.

"अब्बू, ये नई बोल रा."

लोक हसले. इस्माईलभाईही कसनुसे हसले आणि तिला दाखवावं म्हणून वाकले, एका हातानं, आपणच बनवलेली पत्र्याची वस्तू उचलावी तसं. खांद्याला हिसका बसला. दांडा इंचभर घरंगळला आणि थांबला. त्यांनी चकतीवर बोट वाजवून पाहिलं. मग ते तिथंच, स्टेजवर, सगळ्यांसमोर खाली बसले आणि त्यांनी मुलीचे दोन्ही पाय घट्ट धरले.

बँडवाल्यांनाही काय वाजवायचं ते सुचेना.

भाऊंना मात्र सुचलं. त्यांनी माइक घेतला आणि बालकांच्या सुरक्षिततेवर बोलले. हाच संदेश आज द्यायचा होता, असं त्यांच्या बोलण्यावरून दिसलं. मॅडमना वर बोलावून शाल दिली. मॅडमनी ती माझ्या हातात ठेवली, तुमाले थंडी वाजते म्हणाल्या, आणि अल्फियापाशी गेल्या. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि शेडमध्ये म्हणत तेवढ्याच जोरात, तेवढंच म्हटलं: "शाबास."

खरं कठीण त्यानंतर सुरू झालं. अल्फिया शेडमध्ये येई, उड्या मारी, खेकडा होई, पण लोखंडाला हात लावेना. काठीसुद्धा नको. दांडा तिला घाबरवत नव्हता, त्यानं तर तिला खरं सांगितलं होतं. खोटं बोललं होतं ते माणूस, आणि तेही घरचं. मी मॅडमना म्हणालो, समजवा तिला. त्या म्हणाल्या, माझं काम नाही ते. मग इस्माईलभाईंना बोलावून घेतलं. त्यांना रागावतील असं वाटलं होतं, पण रागवायचं ते त्या आधीच रागावून झाल्या होत्या.

"भाई, दांडा तुमी द्या तिच्या हाती. मी नाही देत."

तेव्हापासून इस्माईलभाई दुकान उघडायच्या आधी शेडवर येऊ लागले. सगळ्यात हलका दांडा दोन्ही हातांवर आडवा घेऊन मुलीसमोर उभे राहत आणि त्याचं वजन जेवढं आहे तेवढं सांगत. ती बघे, घेत नसे. ते दांडा जागेवर ठेवून दुकानावर जात. दुसऱ्या दिवशी परत. ईद येऊन गेली, शाळेच्या परीक्षा झाल्या. मॅडम त्या दोघांकडे पाठ करून इतरांच्या उठबशा मोजत, आणि मोजताना चुकत. चुका मी ऐकत होतो.

एका सकाळी तिनं घेतला. जमिनीवर ठेवला, वाकली, विचारलं. आणि दांडा निघाला, अंगाला चिकटून सरळ वर गेला, आणि ती त्याखाली पूर्वीसारखी उभी राहिली. नवा दात आला होता. इस्माईलभाई दाराच्या चौकटीला टेकले. मॅडम भिंतीकडे तोंड करून गुळाचा डबा शोधत राहिल्या. डबा त्यांच्या हातातच होता.

मग यजमानांची बदली आली, लांब, गोंदियाकडे. बातमी फुटताच भाऊंचा निरोप आला, की सगळं लोखंड द्या, आपण भव्य बालव्यायामशाळा काढू. मॅडमनी विचारलं, शिकवणार कोण? उत्तर आलं, ते बघू नंतर, आधी उद्घाटन तर होऊ द्या. त्यांनी इकडंतिकडं बरीच चौकशी केली, पण लेकरांना शिकवील असं इथं कुणी मिळालं नाही. अल्फियापुरती सोय झाली. बुलढाण्याला एक शिकवणाऱ्या बाई आहेत, तिथं तिला वडील घेऊन जाणार होते.

सगळं लोखंड मॅडमनी इस्माईलभाईंच्या दुकानावर नेलं आणि कापायला सांगितलं. लेकरं रडकुंडीला आली. मीही भांडलो. म्हटलं, राहू द्या, खोलीत कुलूप लावून ठेवू.

"कुलूप कोणी ना कोणी उघडते, सर," त्या म्हणाल्या. "शिकवनारं नसलं तं थे लोखंड नाही, कठडा नसलेली इहीर हाय. मी तोंड उघडं टाकून कशी जाऊ?"

त्या पूर्ण वेळ समोर उभ्या राहिल्या. ठिणग्या उडत होत्या, डोळ्यांवर हात धरून त्या बघत होत्या. ज्या हातांनी ते दांडे जोडले होते त्यांनीच ते कापले. शेवटचा तुकडा पडला तेव्हा त्यांनी उजवं मनगट चोळलं, इस्माईलभाईंना हात जोडले, माझ्या पायांकडे एकदा बघून म्हणाल्या, "सर, गुडघे सांभाळा," आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी समोरचा दांडा घट्ट धरून बसल्या. टेम्पो मेहकर रोडला लागला. नंतर एकदा फोन आला होता, तिकडं शेड मिळत नव्हती.

त्या तुकड्यांचं काय करायचं हे इस्माईलभाईंनी स्वतःच ठरवलं. आमच्या वाचनालयाच्या दगडी पायऱ्या उंच आहेत आणि त्यांना धरायला काही नव्हतं. पावसाळ्याच्या आधी त्यांनी तिथं एक कठडा बसवला. सांधे घासून गुळगुळीत केलेले. दांड्यांची जाडी लेकरांच्या मुठीच्या मापाची, त्यामुळे माझी मूठ त्याभोवती पूर्ण मिटते आणि बोटं तळव्याला टेकतात. संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचून झाली की मी तो धरून एकेक पायरी उतरतो. ऊन गेलेलं असतं, लोखंड अजून ऊबदार असतं.